सेंटर घराजवळ आहे, हीच पहिली अडचण

खानापूर तालुक्यातल्या एका १९ वर्षांच्या पोरानं विचारलंय : अग्निवीर जीडीत (जनरल ड्यूटी, म्हणजे शिपाई) निवड झाली, मराठा सेंटर म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं ट्रेनिंग सेंटर बेळगावलाच मिळालं, हजर व्हायला तीन आठवडे आहेत. सोळाशे मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत मारतो, पण हिंदी कच्चं आहे. गावातला एक जण सांगतो की रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, सोसत नाही, पोरं मोडतात. हे कितपत खरं? आणि आई विचारते, एवढं जवळ आहे तर रविवारी डबा घेऊन येऊ का?

बाळा, मी इन्फंट्रीत १९ वर्षं काढली आणि हवालदार म्हणून बाहेर पडलो. पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगमधून पीटीचा कोर्स करून आल्यावर काही वर्षं रंगरुटांचा, म्हणजे नव्या जवानांचा, उस्ताद (शिकवणारा) होतो. आता बेळगावजवळच्या आमच्या गावात सकाळी भरतीच्या पोरांना पळवतो. म्हणजे रगडा खाल्लाय आणि दिलाही आहे. सांगायचं ते दोन्ही बाजूंनी सांगतो.

आईच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच सगळ्यात अवघड आहे. येऊ नका म्हणावं. अधिकृत भेट ज्या दिवशी असेल त्या दिवशी जरूर यावं, पण गेटवर डबा घेऊन उभं राहू नये. साताऱ्याचा किंवा बीडचा पोरगा सेंटरात आला की गाडी सुटली तेव्हाच घर मागं पडलेलं असतं. आपल्याकडच्या पोराचं तसं होत नाही. पहाटे पळताना त्याला खानापूरच्या पहिल्या गाडीचा हॉर्न ओळखू येतो. कॅम्पात दूध घालायला येणारा गावचाच निघतो. पावसाळ्यात भिजलेल्या मातीचा वास थेट घरच्या शेताचा येतो. तीसेक किलोमीटरवर आई भाकरी थापतेय हे त्याला ठाऊक असतं आणि तरी जाता येत नाही. माझ्या हाताखाली पहिल्या महिन्यात रडलेली पोरं मोजली तर घर जवळ असलेली जास्त होती. दूरच्या पोराला पर्याय नसतो, म्हणून तो लवकर रुळतो. मोबाइल आत गेल्यावर जमा होतो आणि ठरल्या वेळी मिळतो. तेव्हा घरच्यांनी म्हैस आजारी आहे, आजी आठवण काढते असलं काही सांगू नये. पोरगा आठवडाभर तेच चघळत राहतो.

आता रगड्याचं. गावातला तो जण खोटं बोलत नाही, पण त्यानं अर्धंच सांगितलंय. रगडा म्हणजे फ्रंट रोल, कोहनी चाल (कोपरांवर सरपटणं), डबल मारणं म्हणजे पळणं, कधी पाठीवर भरलेला पिठ्ठू घेऊन मैदानाला चक्कर. एक जण फॉलिनला, म्हणजे रांगेत उभं राहायला, उशिरा आला की सगळ्या प्लाटूनला मिळतो. अन्याय वाटेल, वाटायलाच हवा. पण यामागचं गणित कळलं की त्रास निम्मा होतो. प्लाटूनमधल्या छोट्या तुकडीत, म्हणजे सेक्शनमध्ये, साधारण दहा जण असतात. पुढे खऱ्या कामाच्या वेळी त्यातल्या एकाची बाटली रिकामी असेल तर दहा जणांचं पाणी कमी पडतं. म्हणून उस्ताद उशिरा आलेल्याला सोडून उरलेल्या नऊ जणांना विचारतो, ‘‘इसको छोड के क्यों आए?’’ दुसऱ्या दिवशी ते नऊ जण त्याला बखोटीला धरून आणतात. तुला एक बडी मिळेल, म्हणजे जोडीदार. त्याची मच्छरदाणी, त्याची बाटली, त्याच्या बुटाची नाडी ही अर्धी तुझी जबाबदारी असं पहिल्या दिवसापासून समज.

एक मात्र स्पष्ट सांगतो. रगडा वेगळा आणि हात उगारणं वेगळं. मारहाणीला फौजेच्या कायद्यात परवानगी नाही. तसं झालं तर प्लाटूनच्या सुभेदार साहेबांना सांगायचं, तिथं नाही झालं तर कंपनी कमांडरांचा इंटरव्ह्यू मागायचा. सैनिक संमेलन असतं, त्यात उभं राहून बोलता येतं. फौजेत तक्रारीला वाट आहे, पण ती खालून वर एकेक पायरीनं जाते. घरी फोन करून मामाकरवी आमदाराला सांगितलं की तुझी गोष्ट तिथंच बिघडली म्हणून समज.

तुझा खरा प्रश्न आहे की पोरं मोडतात का. मोडतात, काही थोडी. पण पळण्यात मोडत नाहीत. तू ५:२० ला सोळाशे मारतोस, भरतीच्या ५:३० च्या पहिल्या गटात आहेस, त्यामुळे पळण्याची चिंता तुला नको. माझ्या डोळ्यांसमोर जी मोडली ती लपवण्यात मोडली. पायाचं दुखणं लपवलं, हिंदी कळलं नाही ते लपवलं, बेल्ट हरवला ते लपवलं. सात-आठ दिवस ते निभतं, मग एकदम फुटतं.

याचा पहिला मासला मीच आहे. कुठलं सेंटर ते सोड. पंधराव्या-सोळाव्या आठवड्यात माझ्या डाव्या नडगीत, घोट्याच्या वर चार बोटांवर, एका जागी दुखायला लागलं. दिवसा पळताना दुखे, मग रात्री खाटेवर पडल्यावरही ठणकू लागलं. टेस्ट जवळ आली होती. सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी म्हणून नाव दिलं, तर कामचोर म्हणतील, या भीतीनं मी नऊ दिवस क्रेप बँडेज आवळून पळालो. दहाव्या दिवशी पाय टेकवेना. एक्स-रेमध्ये नडगीला चीर दिसली. सहा आठवडे पाय वर करून पडलो आणि ज्या टेस्टसाठी लपवलं ती गेलीच, वर मागच्या बॅचमध्ये टाकलं गेलो. याला रेलिगेट होणं म्हणतात. माझे सोबती कसम खाऊन पलटणीत गेले आणि मी नव्या पोरांबरोबर पुन्हा सावधान-विश्राम करत राहिलो. पहिल्याच दिवशी एमआय रूमला, म्हणजे फौजेच्या दवाखान्यात, गेलो असतो तर आठ-दहा दिवसांच्या आरामात भागलं असतं.

म्हणून फरक ओळखायला शीक. दोन्ही पायांच्या पोटऱ्या भरून येतात, जिना उतरताना कण्हायला होतं, सकाळी जड आणि थोडं पळाल्यावर मोकळं वाटतं, हे स्नायूंचं दुखणं. ते सगळ्यांना होतं, त्यासाठी डॉक्टरकडे धावू नकोस. पण एकाच पायात, एका बोटानं दाबता येईल अशा एकाच जागी हाडावर दुखतंय, पळाल्यावर कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, रात्री झोपमोड करतंय, तर ते हाडाचं आहे. त्याच सकाळी सिक रिपोर्टला नाव दे. उस्ताद तोंड वाकडं करेल. मीही करायचो. दहातले तीन-चार पीटी चुकवायलाच आलेले असतात, त्यामुळे तोंड वाकडं होतंच. तरी जायचं.

हे दुखणं येतं कशामुळे, तेही सांगतो, कारण पुढचे तीन आठवडे तू काय करावंस ते त्यावर ठरतं. स्नायू पंधरा दिवसांत तयार होतात, हाडाला त्याहून बराच वेळ लागतो. गावी रोज पाचेक किलोमीटर मऊ पायवाटेनं स्पोर्ट्स शूज घालून पळणारा पोरगा एकदम बूट घालून कडक परेड ग्राउंडवर टाचा आपटू लागतो, वर दिवसभर उभा, वर डबल. दम पुरतो, नडगी पुरत नाही. आमची पोरं काय करतात? पत्र आलं की खूश होऊन रोज दहा-बारा किलोमीटर पळतात, आणि सेंटरच्या दारात शिरतानाच नडगी दुखवून घेऊन शिरतात. तू तसं करू नकोस. आठवड्यातून चार दिवस पाच किलोमीटर, बोलता येईल इतक्याच वेगानं. एक दिवस सोळाशेच्या वेगाचं काम. शेवटचे चार दिवस नुसतं चालणं. जाड तळव्याचे बूट घालून रोज तासभर चाल, शेतावर जातोस तेव्हाच घातलेस तरी चालेल. पुलअप्स चालू ठेव, दोराचं काम पुढे हातांवरच येतं. आमच्या वेळी आत गेल्यावर बीपीईटी, म्हणजे लढाईच्या तयारीची शारीरिक चाचणी व्हायची, त्यात रायफल आणि सामानासह पाच किलोमीटर असायचे. तुझ्या वयाचा जवान २५ मिनिटांत आला की एक्सलंट धरायचे. असल्या चाचणीची तयारी आत करून घेतात, घरून करून जायची नसते.

पायांची निगा मात्र घरूनच शिकून जा. नखं सरळ काप, कोपरे आत खोदू नकोस. मोजे ओले असतील तर बदल. बदलायला नसतील तर पिळून घाल, पण बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच. बेळगावचा पाऊस तुला सांगायला नको. जून ते सप्टेंबर बराकीत काही वाळत नाही, आणि अंगाखाली घालून झोपलं की रात्रीत मोजे वाळतात हा शोध प्रत्येक बॅच नव्यानं लावते. फोड आला तर कातडी ओढून काढू नकोस. खाज-चिखल्या झाल्या तर लाजू नकोस, जांघेत झाल्या तरी. निम्म्या बराकीला झालेल्या असतात आणि सगळे गप्प असतात.

हिंदीचं ऐक. आपल्या भागातल्या पोराला घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत हिंदी तिसरी, तीही मार्कांपुरती. मराठा रेजिमेंट म्हणजे सगळं मराठीत चालेल असं वाटतं. युद्धघोष मराठमोळाच आहे, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’, आणि बराकीत रात्री गप्पा मराठीतच होतात. पण हुकूम, वर्ग, हत्याराचा धडा सगळं फौजी हिंदीत. ही हिंदी टीव्हीवरची नाही, तिच्यात उर्दू आहे, इंग्रजी आहे आणि फौजेनं स्वतः घडवलेले शब्द आहेत. नफरी म्हणजे हजर माणसांची संख्या. लंगर म्हणजे जेवणाची जागा. सुई-दोऱ्याच्या पिशवीला हाऊसवाइफ म्हणतात, पहिल्या दिवशी किटच्या यादीत ते नाव ऐकून माझ्या शेजारच्याला घामच फुटला होता.

सगळ्यात गंमत ‘शिस्त’ या शब्दाची. फायरिंगचा मंत्र आहे, ‘मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन’. आपल्याला शिस्त म्हटलं की डिसिप्लिन आठवतं. इथं शिस्त लेना म्हणजे नेम धरणं. माझ्या एका रंगरुटाला मी रेंजवर ओरडलो, ‘‘शिस्त लो!’’ तर तो रायफल सोडून ताठ सावधानमध्ये झोपला, टाचा जुळवून. हसून पुरेवाट झाली, पण चूक माझीही होती. सहा आठवडे तो ‘‘जी उस्ताद, जी उस्ताद’’ करत होता आणि त्याला शब्द कळलेला नाही हे मला कळलं नव्हतं. पोरगा चिक्कोडीकडचा, हुशार. न कळलेलं विचारायची लाज वाटली एवढंच. तू हात वर कर आणि सांग, ‘‘उस्ताद, समझ में नहीं आया.’’ हे एक वाक्य पाठ केलंस तरी अर्धं हिंदी आलं. उस्तादाला पुन्हा सांगायचा कंटाळा येतो, राग येत नाही. राग येतो तो रेंजवर चुकल्यावर, कारण तिथं गोळी खरी असते.

आणि तुझं कन्नड वाया जात नाही. आमच्या बॅचला बागलकोटकडचा एक होता, त्याला ना मराठी ना हिंदी. त्याचा दुभाषी निपाणीचा पोरगा झाला. सहा महिन्यांनी तो बागलकोटवाला आमच्याहून चांगल्या मराठीत शिव्या देत होता.

संतरी ड्यूटीचा प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. रात्री दोनची ड्यूटी, अंधारातून कुणी आलं तर विचारायचं, ‘‘थम! कौन आता है?’’ आमच्या येळ्ळूरकडच्या एकाला झोपेतून उठवून उभा केलेला. सुभेदार साहेब चेकिंगला आले तर हा गरजला, ‘‘कोण हाय गा?’’ साहेब कोल्हापूरचे. तेही म्हणाले, ‘‘मी हाय गा,’’ आणि मग पंधरा मिनिटं त्याला ‘थम’ म्हणायला लावलं.

दिवस कसा जातो ते थोडक्यात. पहाटे साडेचारच्या आसपास शिटी, दाढी रोज, मग पीटी, नाश्ता, ड्रिल, हत्यार, वर्ग, दुपारी जेवण, संध्याकाळी खेळ किंवा फटिग म्हणजे झाडलोट-गवत काढणं, मग रोलकॉल. कामं कठीण नसतात, दोन कामांमधला वेळ कठीण असतो. पीटीच्या कपड्यातून ड्रिलच्या ड्रेसमध्ये यायला दहा मिनिटं आणि नळ चार. जो पोरगा शिटीच्या वीस मिनिटं आधी उठतो त्याला संडासची रांग लागत नाही, आणि ज्याला ती लागत नाही त्याचा दिवस सरळ जातो. रात्रीच ड्रेस इस्त्री, बुटाला पॉलिश, बिल्ला-बेल्ट एका जागी. इस्त्री करायला, बटण लावायला आजपासून शीक. आई करून देत असेल तर उद्यापासून बंद.

झोप ही खरी भूक आहे तिथली. दुपारच्या जेवणानंतर नकाशाचा वर्ग असला की डोळे मिटतातच. डुलकी काढताना सापडू नकोस. झोप आली की आपणहून उठून मागं जाऊन उभा राहा, कुणी काही म्हणत नाही. पकडला गेलास तर सगळ्यांना रगडा. घरी आत्तापासून रात्री साडेनऊला झोप आणि साडेचारला ऊठ. मोबाइल रात्री अकरापर्यंत बघायची सवय असेल तर तीच पहिल्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त छळते.

ड्रिलमध्ये प्रत्येक बॅचला दोन-तीन पोरं अशी निघतात की चालताना ज्या बाजूचा पाय त्याच बाजूचा हात पुढं जातो. घरी नीट चालणारा माणूस ‘तेज चल’ ऐकलं की असा होतो. झालं तर घाबरू नकोस, विचार करणं थांबवलं की चाल परत येते. लाइट इन्फंट्रीची चाल मुळात झपाझप असते, विचार करायला फार वेळ मिळतही नाही.

फायरिंगसाठी एक गोष्ट घरीच बघून जा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्यामध्ये छोटी फट ठेव आणि दोन्ही डोळ्यांनी त्यातून समोरच्या खांबाकडे बघ. मग एकेक डोळा मीट. ज्या डोळ्यानं खांब फटीत राहतो तो तुझा जोराचा डोळा. उजव्या हाताचा माणूस आणि डावा डोळा जोराचा असं निघालं तर पहिल्याच दिवशी हत्याराच्या उस्तादाला सांग. हे न सांगता गोळ्या इकडेतिकडे गेल्या म्हणून नालायक ठरलेला पोरगा मी पाहिलाय.

पैशाचंही आईला समजावून सांग. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या पैशात) कापले जातात, हातात २१,०००. चार वर्षांनी बॅचमधल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे ठेवतात. ट्रेनिंगचे ३१ आठवडे त्या चार वर्षांतच मोजले जातात. पहिल्या पगारावर गावात गाडीचा हप्ता लावू नको, एवढंच बोलतो. योजनेवर माझं मत वेगळं आहे, पण तू निघालायस तेव्हा ते तुझ्यापुढं मांडण्यात अर्थ नाही.

रेजिमेंटचा इतिहास वर्गात शिकवतील आणि विचारतीलही. एवढं आधी माहीत असू दे : रेजिमेंटची सुरुवात १७६८ ची, सेंटर बेळगावात १९२२ पासून. ४ फेब्रुवारी हा रेजिमेंटचा दिवस, कारण १६७० मध्ये त्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. दुसऱ्या महायुद्धात इटलीत नाईक यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे तेव्हाचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं, घाडग्यांना मरणोत्तर. घाडग्यांनी मशीनगनच्या खंदकावर एकट्यानं चाल केली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमीगन उलटी धरून दस्त्यानं लढले. वर्ग चालू असताना मागून पुटपुटणारी पोरंही हे ऐकताना गप्प होतात.

शेवटी कसम परेड. झेंड्यापुढं, धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतात आणि आईवडिलांना गौरव पदक देतात. त्या दिवशी आईला यायला सांग, डब्यासकट. आणि तू सेंटरला जाताना ट्रंकेला दोन चाव्यांचं चांगलं कुलूप घे. एक चावी दोऱ्यात ओवून गळ्यात, दुसरी बडीकडं. लाडू द्यायचेच असतील तर पहिल्या दिवशीच द्या, पण निदान वीस जणांना पुरतील एवढे. रात्री बत्ती गुल व्हायच्या आत संपतात.